नळाचे पाणी रीफ टाकीला चालते का? बेळगाव सीमाभागातील हौशी मंडळींसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातील मासे अनेक वर्षे नीट सांभाळलेला माणूस जेव्हा खाऱ्या पाण्याच्या, त्यातही प्रवाळ असलेल्या रीफ टाकीकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली शंका पाण्याविषयीच असते. गप्पी, एंजल, गोल्डफिश ही मंडळी ज्या पाण्यात सुखाने राहिली, त्याच पाण्यात मीठ मिसळले की काम झाले, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक, रायबाग आणि अथणी या भागांत मिळणारे पाणी डोळ्यांसमोर ठेवून पुढील उत्तरे लिहिली आहेत.

रीफ टाकीत नळाचे पाणी थेट वापरता येते का?

नाही. आरओ (मेम्ब्रेन नावाच्या अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबाने गाळणे) आणि त्यानंतर डीआय (उरलेले क्षार रेझिनच्या दाण्यांनी शोषून घेणे) अशा दोन टप्प्यांतून गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणी वापरावे, त्यात रीफसाठी तयार केलेले मीठ विरघळवावे आणि मगच ते टाकीत घालावे. नळाच्या पाण्यावर चाललेल्या काही टाक्या दिसतात, हे खरे आहे. परंतु त्या कोणत्या पाण्यावर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रवाळांवर चालल्या, हे पाहिल्याशिवाय त्यांचा दाखला आपल्या घराला लावता येत नाही.

जे पाणी आम्ही स्वतः पितो, ते प्रवाळाला का चालू नये?

पिण्याच्या पाण्याचे निकष माणसाच्या शरीरासाठी ठरवलेले असतात. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) पाहिले तर विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तांबे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावे, परंतु पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. फॉस्फेट आणि सिलिका यांना तर या मानकात मर्यादाच नाही, कारण पिणाऱ्याला त्यांचा त्रास होत नाही.

आता हेच आकडे प्रवाळाच्या बाजूने पाहावेत. रीफ टाकीत नायट्रेट साधारण १० मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. मोकळ्या समुद्रातील प्रवाळभित्तींभोवती ही दोन्ही याहूनही पुष्कळ कमी असतात. तांब्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. खाऱ्या पाण्यातील माशांच्या अंगावरील परजीवी मारण्यासाठी वेगळ्या टाकीत तांब्याचे औषध देतात, तेव्हा त्याची मात्रा लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम ठेवतात, आणि ते औषध प्रवाळ, कोळंबी, शंख-गोगलगाई असलेल्या टाकीत कधीही घालू नये असे प्रत्येक जाणकार बजावून सांगतो. म्हणजे पिण्यासाठी मुभा असलेल्या मर्यादेच्या आत राहूनही पाण्यात इतके तांबे असू शकते की त्याने टाकीतील सर्व अपृष्ठवंशी जीव दगावतील. पाणी पुरवणाऱ्यांचे यात काही चुकत नाही. ते पाणी या कामासाठी शुद्ध केलेलेच नसते.

दुकानात मिळणारे ‘अँटी-क्लोरीन’ घातले तर काम भागत नाही का?

त्याने केवळ क्लोरीनचा प्रश्न सुटतो. त्या थेंबांमध्ये बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे ‘हायपो’ असते आणि ते क्लोरीन तात्काळ निष्प्रभ करते. पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून दिवसभर ठेवले तरी क्लोरीन उडून जातो. नळाच्या टोकाला पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात आणि साथीच्या दिवसांत त्याची मात्रा वाढवली जाते. ग्रामपंचायतीच्या टाकीत किंवा सार्वजनिक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तर ती बरीच जास्त असू शकते.

परंतु नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, तांबे, जस्त, लोह, तुरटीमुळे उरलेले ॲल्युमिनियम आणि पाण्याचा जडपणा यांपैकी कशावरही या थेंबांचा रीफसाठी पुरेसा परिणाम होत नाही. गोड्या पाण्यातील माशांना क्लोरीन गेला की पुरते, म्हणून आपल्याला तेवढीच सवय लागलेली असते.

बेळगाव शहराचे पाणी तर मवाळ आहे. साबणाला फेस येतो, टीडीएसही कमी येतो. तरीही आरओ-डीआय हवेच का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते. शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून पाणी मिळते. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या पावसावर भरतात, त्यामुळे त्यांचे पाणी बोअरच्या मानाने मवाळ असते, यात शंका नाही. अशा पाण्यात मीठ विरघळवल्यास कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) यांचा ताळेबंद फारसा बिघडत नाही आणि मशरूम किंवा लेदर यांसारखे काटक मऊ प्रवाळ काही महिने ठीक दिसतातही.

अडचण अशी की कमी टीडीएस म्हणजे निर्दोष पाणी नव्हे. मीटरवर १०० आकडा आला, तर ते १०० मिलिग्रॅम निरुपद्रवी कॅल्शियम बायकार्बोनेटचे आहेत की त्यांत नायट्रेट आणि जस्तही आहे, हे मीटर सांगू शकत नाही. तांब्याची रीफला घातक ठरणारी मात्रा इतकी अल्प आहे की तिने मीटरचा आकडा हलणारही नाही. त्यातच नळाचे पाणी वर्षभर सारखे नसते. जून-जुलैत नदीला गढूळ पाणी आले की शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशयाची पातळी खाली जाते, एखाद्या भागाला एका स्रोताऐवजी दुसऱ्या स्रोताचे पाणी येते, जलवाहिनी फुटली की दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी लालसर येते आणि काही गल्ल्यांत टँकर फिरू लागतो. टँकरमधले पाणी कोणत्या विहिरीतले आहे, हे चालकालाही नेहमी ठाऊक नसते. प्रवाळाला वर्षाचे बाराही महिने एकसारखे पाणी लागते, आणि मार्चमधील तपासणीवरून जुलैच्या पाण्याची खात्री देता येत नाही.

माझे मत विचाराल तर शहरातील पाणी चांगले असण्याचा फायदा वेगळ्या ठिकाणी मिळतो. मूळ पाणीच मवाळ असल्यामुळे मेम्ब्रेन जास्त काळ टिकते आणि डीआय रेझिन खूप कमी खर्ची पडते. चिकोडी-अथणीकडील हौशी माणसाला जो खर्च येतो, त्यामानाने बेळगावकराचा खर्च किरकोळ आहे.

आमच्याकडे विहीर किंवा बोअर आहे. ते पाणी कसे?

तालुका बदलला की पाणी बदलते, कारण जमीन बदलते. बेळगावात विहिरींची परंपरा जुनी आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर सर्वांना ठाऊक आहेच, आणि शहापूर, वडगाव, अनगोळ येथील कित्येक जुन्या घरांच्या परड्यात आजही विहीर आहे. परंतु दाट वस्तीतील उथळ विहिरीत गटार आणि सेप्टिक टाकीचे पाणी झिरपण्याचा धोका असतो, आणि त्याची खूण म्हणजे नायट्रेट.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पश्चिमेकडील पट्ट्यात जांभा दगड आणि तांबडी माती आहे. तेथील विहिरींचे पाणी मवाळ, किंचित आम्लधर्मी आणि काही ठिकाणी लोहयुक्त असते. लोह शेवाळाला पोसते आणि मेम्ब्रेनवर तांबूस थर चढवते. शिवाय आम्लधर्मी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि पुढचे रेझिन लवकर संपवतो. अशा घरांनी पाणी आधी पिंपात भरून रात्रभर एअर पंपाने हवा द्यावी; कार्बन डायऑक्साइड उडतो, लोहाचा काही भाग तळाशी बसतो आणि वरचे पाणी आरओला द्यावे.

पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, म्हणजे चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या काळ्या जमिनीच्या भागात, बोअरचे पाणी जड, अनेक ठिकाणी सवळ असते. त्याखालचा काळा पाषाण हा बेसॉल्ट आहे आणि त्यातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका स्वाभाविकपणेच अधिक येते. उसाला दिल्या जाणाऱ्या खतांचा अंशही पाण्यात उतरतो. जडपणाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पाण्याची अल्कलिनिटी लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर ती सुमारे १७ डीकेएच (हौशी लोक अल्कलिनिटी मोजतात ते एकक) होते. रीफच्या मिठाने स्वतःची आणखी ८ डीकेएच आणली की बेरीज २५ वर जाते. नैसर्गिक समुद्राची अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच असते. इतक्या चढ्या पाण्यात मीठ घातल्यावर पिंपात पांढरा गाळ बसतो, हीटर आणि पंपावर चुन्याचा थर चढतो आणि जे कॅल्शियम प्रवाळाला मिळायचे ते तळाशी पडून राहते. असे पाणी रीफसाठी थेट वापरण्याचा विचारच करू नये.

घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ बसवलेलाच आहे. त्याचे पाणी चालेल का?

आहे तसे नाही, पण थोडा बदल करून उपयोगी पडू शकते. घरगुती यंत्रात मेम्ब्रेननंतर चव सुधारण्यासाठी बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, जो थोडे कच्चे पाणी परत मिसळतो, किंवा मिनरल कार्ट्रिज असते, जे क्षार परत घालते. काही यंत्रांत तर आरोग्यासाठी म्हणून मुद्दाम तांबे मिसळणारे कार्ट्रिज असते. तांब्याच्या भांड्यातील पाण्याची जी महती आपण ऐकत आलो, तिचीच ही यंत्रातली आवृत्ती आहे, आणि रीफ टाकीला याहून वाईट पाणी दुसरे नाही. म्हणून यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून मेम्ब्रेनमधून बाहेर पडणाऱ्या नळीलाच टी-आकाराचा जोड लावून वेगळी तोटी काढून घ्यावी आणि ते पाणी डीआय रेझिनमधून न्यावे. यंत्राच्या साठवण टाकीतले पाणी घेऊ नये.

आरओ-डीआयमध्ये नेमके काय असते आणि आपल्याकडे बसवताना काय पाहावे?

सर्वप्रथम गाळ अडवणारा स्पन फिल्टर, त्यानंतर कार्बन फिल्टर, मग आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, हा क्रम असतो. कार्बनचे काम क्लोरीन शोषण्याचे आहे आणि ते मेम्ब्रेनच्या आधी झालेच पाहिजे, कारण क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होते. मेम्ब्रेन विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ९५ ते ९८ टक्के अडवते. म्हणजे आत ३०० टीडीएसचे पाणी गेले तर बाहेर ६ ते १५ येते, आणि उरलेले काम रेझिन करते.

आपल्याकडे खरी अडचण दाबाची असते. मेम्ब्रेनला ४० ते ६० पीएसआय दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी सहा-सात मीटर उंचीवरून आले तरी जेमतेम नऊ-दहा पीएसआय देते. एवढ्या दाबावर शुद्ध पाणी अगदी थेंबथेंब येते, वाया जाणारे पाणी भरमसाट होते आणि टीडीएसही नीट उतरत नाही. बूस्टर पंप लावणे हा त्यावर एकमेव उपाय आहे. घरगुती आरओमध्ये असतो तोच २४ व्होल्टचा पंप आणि त्याचा अडॅप्टर कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळचे पाणी थंड असते तेव्हा उत्पादन घटते, त्यात यंत्राचा दोष नसतो.

यंत्र बंद राहिल्यानंतर पुन्हा सुरू केले की पहिल्या काही मिनिटांत मेम्ब्रेनमधून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस चढा असतो. ते पाणी डीआयमध्ये न सोडता बाजूला काढावे. एवढ्या एका सवयीने रेझिन पुष्कळ अधिक टिकते. त्यामुळेच रोज दोन-दोन लिटर काढण्यापेक्षा आठवड्याचे पाणी एकदाच काढणे बरे. चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत तर ते सोयीचेही पडते.

वीस लिटरचा जार, गावातील शुद्ध पाण्याचे केंद्र किंवा बॅटरीचे पाणी वापरले तर?

जार आणि नाणे टाकून पाणी देणारी गावोगावची केंद्रे आरओचेच पाणी देतात, पण ते पिण्यासाठी असल्याने त्यात काही क्षार राखलेले असतात, आणि मेम्ब्रेन कधी बदलले हे आपल्याला कळत नाही. लहान टाकी सुरू करणाऱ्याने तात्पुरती सोय म्हणून ते घेऊन स्वतःच्या डीआय कार्ट्रिजमधून गाळावे. त्याला माझी हरकत नाही. बॅटरीच्या पाण्याविषयी मात्र साशंक राहावे. ते बॅटरीसाठी बनवलेले असते, सुट्या कॅनमधून विकले जाते आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेल्यावर त्याची प्रत तीच राहील याचा भरवसा नसतो.

खानापूरकडे इतका पाऊस पडतो. पावसाचे पाणी धरून वापरता येईल का?

आकाशातून पडताना ते पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, दोष येतो तो छपराचा. जस्ताच्या पत्र्यावरून जस्त येते, कौलांवरून माती आणि शेवाळ येते, पक्ष्यांच्या विष्ठेतून फॉस्फेट येते, स्लॅबवरून चुना येतो. रोहिणी आणि मृगाचे पहिले पाऊस सोडून द्यावेत, आषाढाच्या झडीत छप्पर धुऊन निघाल्यावर ताडपत्रीवर पाणी धरावे आणि स्पन, कार्बन व डीआय या तीन टप्प्यांतून गाळावे. मेम्ब्रेनची गरज बहुधा पडत नाही आणि एक थेंबही वाया जात नाही. सीमाभागाच्या पश्चिम पट्ट्यात हा मार्ग लोक जितका वापरतात त्याहून अधिक वापरण्याजोगा आहे.

गोवा जवळच आहे. सरळ समुद्राचेच पाणी आणले तर?

कल्पना मोहक आहे, परंतु व्यवहारात ती क्वचितच निभते. शंभर लिटर समुद्राचे पाणी म्हणजे सव्वाशे किलोच्या आतबाहेर, पिंपांसहित, चोर्ला घाटातून दर पंधरवड्याला आणणे आले. शिवाय पर्यटक जेथे सहज पोचतात, ते किनारे बहुधा नदीच्या मुखाजवळ आहेत. मिरामारला मांडवीचे पाणी मिसळते, आणि जून ते सप्टेंबर तर संपूर्ण किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता नद्यांमुळे उतरते व गढूळपणा वाढतो. प्रवाळ समुद्रात वाढतात म्हणून कोणतेही समुद्राचे पाणी त्यांना चालेल, हा समज चुकीचा आहे; ते ज्या स्वच्छ पाण्यात वाढतात ते पाणी पणजीच्या किनाऱ्यावर मिळत नाही. आणलेच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नदीमुखापासून दूर, भरतीच्या वेळी आणावे, क्षारता मोजावी आणि ते अंधारात हलते ठेवून नंतर गाळून घ्यावे.

रीफचे मीठ महाग पडते. खडे मीठ वापरता येईल का?

नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०० हून थोडे अधिक आणि पोटॅशियम ४०० च्या आसपास असते. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा सोडियम क्लोराइडचे खडे आधी बनतात आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात उरते. म्हणून खडे मीठ पाण्यात टाकल्याने समुद्र परत मिळत नाही.

टाकीतील पाणी आटते तेव्हा भर घालायला तरी नळाचे पाणी चालेल ना?

चालत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. टाकी भरताना लोक काळजी घेतात आणि रोजची भर मात्र नळाखाली तांब्या धरून घालतात. आटते ते केवळ पाणी. क्षार मागे राहतात. म्हणून भर घालताना मीठही घालायचे नसते आणि दुसरे कोणतेही क्षार येऊ द्यायचे नसतात.

दोनशे लिटरची टाकी उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, दिवसाला चार लिटर पाणी सहज आटवते. भर घालण्याच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, तर रोज ८० मिलिग्रॅम नायट्रेट आत येते. टाकीच्या मानाने ती वाढ रोज लिटरला ०.४ मिलिग्रॅम आणि महिन्याला सुमारे १२ मिलिग्रॅम होते. माशांना दिलेल्या खाद्यातून येणारे नायट्रेट याहून वेगळे. टीडीएस ३०० असेल तर वर्षाकाठी जवळजवळ ४४० ग्रॅम नको असलेले क्षार जमतात. तांबे आणि जस्त खडकांत व वाळूत साचत राहतात आणि कधी तरी, विशेषतः पाण्याचा पीएच घसरला की, थोडे थोडे परत सुटतात. त्यामुळे टाकी पहिले सहा महिने उत्तम असते आणि मग काहीही न बदलता प्रवाळ मिटू लागतात. मालक मासे, प्रकाश, मीठ सर्वांवर संशय घेतो आणि तांब्याभर पाण्यावर घेत नाही.

ज्याला आरओ-डीआयचे पाणी मर्यादितच मिळते, त्याने ते आधी भर घालण्यासाठी राखावे.

शुद्ध पाणी कशात साठवावे?

क्षारविरहित पाणी धातूला आणि सिमेंटला लवकर खाते, म्हणून ते तांब्याच्या घागरीत, पितळी हंड्यात, जस्ताच्या बादलीत किंवा सिमेंटच्या हौदात ठेवू नये. झाकण असलेले खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिक पिंप घ्यावे. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी निळी पिंपे रसायनांची किंवा कीटकनाशकांची असू शकतात. ती कितीही धुतली तरी घेऊ नयेत. वाटेतील तोटी, व्हॉल्व्ह आणि पंपाचे जोडही पितळी नसावेत. हिवाळ्यात पाणी कोमट हवे म्हणून बंबातले किंवा गीझरचे पाणी मिसळण्याचा मोह टाळावा. मीठ मिसळलेल्या पिंपात हीटर टाकून पाणी २५-२६ अंशांवर आणावे.

टीडीएस मीटरवर शून्य आले की निश्चिंत राहावे का?

बऱ्याच अंशी होय, पूर्णपणे नाही. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि क्लोरीन वायू किंवा सिलिका त्याला जवळजवळ दिसत नाही. रेझिन संपत आले की सिलिका आधी निसटते आणि मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो. सिलिकावर पोसणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर काचेवर दिसू लागतो ती त्याची पहिली खूण. बेसॉल्टवरच्या बोअरवाल्यांनी म्हणूनच दोन डीआय कार्ट्रिज एकामागोमाग लावावीत, दोहोंच्या मध्ये मीटर ठेवावा आणि पहिल्यातून एक-दोनचा आकडा येताच ते बदलून दुसऱ्याला पुढे आणावे. कार्बन फिल्टर ठीक आहे की नाही, हे पाहण्यासाठी क्लोरीनची साधी चाचणी पुरते. ग्रामपंचायतीत पाण्याचा क्लोरीन ज्या पिवळ्या रंगाच्या चाचणीने पाहतात, तीच.

उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना आरओचे इतके पाणी वाया घालवणे योग्य आहे का?

ते वाया घालवू नये. दोनशे लिटरच्या टाकीला आठवड्याला वीस लिटरचा पाणी बदल आणि पंचवीस-तीस लिटरची भर, असे पन्नास लिटरपर्यंत शुद्ध पाणी लागते. एकास तीन या प्रमाणात, मेम्ब्रेनने अडवलेले क्षार घेऊन, दीडशे लिटर पाणी बाहेर पडते. शहरातील मवाळ पाणी असेल तर या पाण्याचे क्षार मूळच्यापेक्षा फक्त तिसऱ्या हिश्श्याने वाढलेले असतात. म्हणजे १०० चे सुमारे १३३ झालेले असतात. ते धुण्याला, फरशीला आणि परसातल्या कर्दळीला निर्धास्त द्यावे. अथणीकडील १२०० टीडीएसच्या बोअरचे मात्र १६०० होते, आणि ते झाडांना सतत दिल्यास जमीन खारवते. ते संडासापुरतेच वापरावे. ज्या घरी मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे साठ-सत्तर लिटरपेक्षा मोठी रीफ टाकी ठेवू नये, असे मला वाटते.

फक्त मासे असलेल्या खाऱ्या टाकीला नळाचे पाणी चालेल का?

मवाळ पाणी असल्यास क्लोरीन काढून चालू शकते. क्लाउनफिश किंवा डॅमसेल यांना थोडे नायट्रेट सोसते. शेवाळ जास्त येईल, आणि पुढे त्याच टाकीत प्रवाळ ठेवायचे ठरले तर खडकांत साचलेले तांबे व फॉस्फेट आडवे येईल. बोअरच्या जड पाण्याची शिफारस येथेही करवत नाही.

पाणी तयार झाले. कोणतेही प्रवाळ आणता येतात का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून संरक्षित आहेत, आणि समुद्रघोडेही. मालवण किंवा नेत्राणीच्या समुद्रातून उचललेला तुकडा कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नये. कायद्याने संरक्षित नसलेल्या मऊ प्रकारांपुरते राहावे आणि बिल घ्यावे.

टाकी नळाच्या पाण्यावरच सुरू केली आहे आणि आता शेवाळ आवरत नाही. सगळे पाणी एकदम बदलू का?

एकदम बदलू नये. जड पाण्यावर चाललेल्या टाकीची अल्कलिनिटी चढलेली असते आणि ती एका दिवसात सातावर आणली तर प्रवाळ त्या धक्क्यानेच जातील. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त उतार होऊ देऊ नये. आजपासून भर घालण्याचे पाणी शुद्ध करावे, कारण नवे क्षार येणे थांबल्याशिवाय बाकी उपायांना अर्थ नाही. त्यानंतर आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलावे, आणि अल्कलिनिटी फार चढी असेल तर तेवढेच पाणी दोन-तीन हप्त्यांत विभागून बदलावे. अशा चार बदलांनंतर पाण्यातील जुन्या घाणीपैकी सुमारे ४१ टक्के आणि दहा बदलांनंतर सुमारे ११ टक्के उरते. फॉस्फेट आणि सिलिका यांसाठी लोह ऑक्साइडचे दाणे, तांब्यासाठी ते शोषणारे खास माध्यम आणि सोबतीला ताजा कार्बन वापरावा. खडकांतून फॉस्फेट सुटत राहते, त्यामुळे पाण्याची चाचणी चांगली येऊनही शेवाळ काही आठवडे रेंगाळते. त्या काळात औषधे ओतू नयेत, हाताने शेवाळ उपटावे आणि खाद्य निम्म्यावर आणावे. कोळंबी आणि गोगलगाई टाकल्यावर दोन-तीन दिवसांत मरत असतील तर तांब्याची चाचणी आधी करावी, आणि ती ठळक निघाल्यास वाळू काढून टाकून खडक बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते.